ओमप्रकाशचं सोनं

नागपूर, १४ जुलै २०२५

काका, जयभीम.

फोन लावला तर तुम्ही "हॅलो, मोठ्यानं बोल" एवढंच म्हणत राहता आणि मेसेज तुम्ही उघडत नाही. कारखान्यानं कान घेतले तुमचे आणि शिक्षा मात्र पुतणीला, पानं भरभरून लिहिण्याची. पण आज लिहायचंच होतं. 

आमच्या शेडमध्ये आज ओमप्रकाश टूलवाला आला होता. तोंडात तंबाखूचा खर्रा. बोलायच्या आधी त्यानं मशीनमागच्या छिलक्यांच्या ड्रममध्ये पचकन थुंकलं, दोन बोटांनी ओठ पुसले आणि त्याच बोटांनी डबी उघडून एंडमिल साहेबांच्या हातात दिली. बोटाएवढी कार्बाइडची टूल्स, सगळी सोनेरी. म्हणाला, "देखो साहब, सोना है सोना. भाव पितळ का."

हर्षित साहेबांनी टूल उजेडात धरलं. वडिलांनी शेड उभी केली, यांनी केबिनला काच लावली, एवढीच यांची कमाई. मी सांगितलं, सर, टूलवरचा थर रंगावरून निवडत नाहीत, काय कापायचं त्यावरून निवडतात. आपलं अर्धं काम स्टेनलेसचं. ते कापताना धार भट्टीसारखी तापते. तिथे टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियमचा काळा-जांभळा थर हवा, तो ताप सोसतो. बाकीचं काम अ‍ॅल्युमिनियमचं. तिथे थरच नको, नुसतं चकचकीत पॉलिश केलेलं टूल हवं, नाहीतर तो मऊ धातू धारेला गुळासारखा चिकटतो. साधा सोनेरी थर वाईट नाही, पण आपल्या दोन्ही कामांना तो नको.

साहेब काय म्हणाले ऐका. "मॅडम, कस्टमरचे लोक बघायले येतात तेव्हा काळे टूल जळाल्यासारखे दिसतात. गोल्ड में शान है." आणि ओमप्रकाश खी खी करून हसला. त्याचे ते लाल दात अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

टूल तुटलं की पहिला दोष मशीनवर उभ्या माणसावर येतो, हे तुम्ही मला लहानपणापासून सांगत आलात. स्टेनलेसचं मशीन आमच्याकडे अंकुश चालवतो. चाळिशीचा माणूस, दोन मुलींचा बाप. हात इतका शांत की चहाचा कप हातात असला तरी हलणार नाही. उद्या त्याच्या नावानं शिमगा व्हायला नको.

साहेबांचे वडील तुमच्याकडूनच टूल घासून न्यायचे. तुमच्या नावाला अजून हिंगण्याच्या एमआयडीसीत वजन आहे. दोन ओळी लिहून पाठवा, मी साहेबांपुढे ठेवते. शामलाकाकूला सांगा, कार्बाइडची धूळ तुमच्या छातीतून गेली की नाही यावर लक्ष ठेव. डॉक्टरांनी ग्राइंडरजवळ उभं राहायलाही मना केलंय, हे विसरू नका.

तुमची उन्नती


सावनेर, २२ जुलै २०२५

उन्नती, जयभीम.

पत्र मिळालं. पोरी, तुझा डिप्लोमा खरा, पण माझी उभी हयात टूलच्या धारेवर गेली. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी सोनेरी टूल हाताळतोय. पहिल्यांदा ते आमच्या कारखान्यात आलं तेव्हा फोरमन ते रुमालात गुंडाळून ठेवायचा. त्याच टूलनं आम्ही लोखंडापासून पितळेपर्यंत काय नाही कापलं? आता हे काळं, जांभळं, निळं कुठून कुठून आलं. विकणाऱ्यांना रोज नवा रंग लागतो, नाहीतर विकणार काय?

टूल कशानं तुटतं ते मी सांगतो. हातानं तुटतं. ऑपरेटरला घरी जायची घाई असते, तो फीड वाढवतो, टूल धातूत जोरात पुढे रेटतो, ते बिचारं किती सोसणार? मग म्हणतात थर बरोबर नाही. नाचता येईना अंगण वाकडं. तुझा अंकुश शांत असेल, पण शांत माणसाचाही कधीकधी डोळा लागतो. चार दिवस त्याच्या मागे उभी राहा आणि फीड बघ.

ओमप्रकाशला मी ओळखतो. खर्रा खातो हे खरं, पण माणूस कामाचा आहे. नुसत्या थुंकण्यावरून कोणाला नावं ठेवू नये. अर्ध्या नागपूरला तेवढा एकच धंदा येतो.

छाती बरी आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी वाडीला विपश्यनेला जातो, त्यानं श्वास मोकळा होतो. काकू म्हणते हल्ली माझा खोकला कमी झाला. डॉक्टर काहीही सांगतात.

हे पत्र साहेबाला दाखवलंस तरी चालेल.

रुपराव काका


नागपूर, १८ ऑगस्ट २०२५

काका, जयभीम.

तुमचं पत्र मी दाखवलं. दाखवायला नको होतं.

साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं, "आता तरी पटलं का मॅडम" म्हणाले आणि त्याच दिवशी ओमप्रकाशला सगळी ऑर्डर दिली. पहिल्या आठवड्यापासून टूल्स मोडायला लागली. स्टेनलेसमध्ये धार कणाकणानं गळायची, अ‍ॅल्युमिनियममध्ये दातांमधल्या खाचा गच्च भरून टूल मधूनच कट्. जॉबवर असे ओरखडे की हात फिरवला तर अंगावर काटा येतो. पावसामुळे कूलंटची टाकी सडली आहे, सगळ्या शेडमध्ये कुजक्या अंड्याचा वास, आणि त्या वासात उभं राहून मी अंकुशच्या पाठीमागून त्याचं फीड बघत होते, तुमच्या सांगण्यावरून.

एकदा, फक्त एकदा, त्यानं फीड थोडं वाढवलेलं मी पाहिलं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी ते सांगितलं. मला वाटलं, काका म्हणतात म्हणजे काहीतरी असेलच. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना मशीनवरून खाली बोलावलं आणि मोडकी टूल्स अंकुशच्या ओंजळीत ओतली. म्हणाले, "घरी घेऊन जा, पोरींले खेळायले." कामावरून काढलं त्याला. तो खाली मान घालून निघून गेला. आता शेडमध्ये त्याला टूलतोड्या म्हणतात. हसत हसत म्हणतात, तेच जास्त घाण वाटतं.

त्याच्या जागी आलेल्या माणसाच्या हातूनही टूल्स तशीच मोडताहेत, काका. फीड अगदी पुस्तकातलं. मग अंकुशचा दोष कुठे होता? मी काय बोलून बसले? 

सोबत एक मोडकं टूल एस.टी.च्या पार्सलनं पाठवते आहे. भिंगाखाली बघा. मला एक गोष्ट विचित्र वाटली. नवीन टूलचा कोपरा कारखान्यातून सरळ तीक्ष्ण येतो. याच्या कोपऱ्यावर मात्र कोणीतरी दगडाचा हलका हात फिरवल्यासारखी बारीक उतरण आहे. मशीननं ती येत नाही, माणसाच्या हाताची वाटते. तुम्हाला कळेल ती कशासाठी असते.

लवकर लिहा. अंकुशची बाजू मांडायची असेल तर काहीतरी हातात हवं.

उन्नती


सावनेर, १२ सप्टेंबर २०२५

उन्नती,

पार्सल मिळालं. डोळ्यांना हल्ली नीट दिसत नाही, त्यामुळे टूलबद्दल काही सांगता येत नाही. पुन्हा पाठवू नको.

साहेबाच्या नादी लागू नको. नोकरी तुझी आहे, ती सांभाळ. ऑपरेटर येतात आणि जातात. अंकुशला दुसरीकडे काम मिळेल, हात चांगला आहे म्हणतेस ना.

इकडे पाऊस बरा आहे. काकू ठीक.

रुपराव काका


नागपूर, १५ सप्टेंबर २०२५

काका,

हे पत्र तुम्हीच लिहिलंत का? "ऑपरेटर येतात आणि जातात" हे वाक्य हर्षित साहेबांच्या तोंडी शोभतं. तुमच्या हातचं वाचून मला किळस आली. रागवा हवं तर.

अंकुशला दुसरीकडे काम मिळालं नाही. बुटीबोरीला गेला होता. तिथल्या माणसानं नाव ऐकलं आणि म्हणाला, "तूच का तो टूलतोड्या? आमचे टूल महागाचे हायत गा बाबू." हे मला अंकुशनं स्वतः सांगितलं, माझ्या दारात उभा राहून. मी आत या म्हटलं, आला नाही. म्हणाला, "मॅडम, मले तुमच्यावर राग नाही. नोकरीबी नको तुमची. पण ज्यायच्यासमोर मले म्हटलं, त्यायच्यासमोर कोणीतरी म्हटलं पाहिजे का माहा हात चुकला नव्हता. एवढं झालं का मी कुठंबी जाऊन काम मागतो. नाही तं कोणत्या तोंडानं मागू?"

 माझ्या तोंडूनच त्याचं नाव खराब झालंय.

आणि दुसरं. काल काकूचा फोन आला होता. म्हणाली, वाडीत तिच्या मैत्रिणीला विचारलं, तिथे मंगळवारी-शुक्रवारी कसलीही विपश्यना होत नाही. काकूला वाटतंय तुम्ही गुपचूप दवाखान्यात जाता आणि आजार आमच्यापासून लपवता. मलाही आता तेच वाटतंय. तसं असेल तर माझं वरचं सगळं विसरा आणि खरं काय ते लिहा. मी रजा टाकून येते.

उन्नती


सावनेर, २१ सप्टेंबर २०२५

उन्नती, जयभीम.

दवाखाना नाही. दवाखाना असता तर बरं झालं असतं.

तुझं टूल मी भिंगाखाली ठेवलं तेव्हा डोळे चांगले होते, आजही चांगले आहेत. कोपऱ्यावरची ती उतरण बघितली आणि हातातलं भिंग खाली ठेवलं. ती माझी आहे. तीक्ष्ण कोपरा आधी फुटतो, म्हणून शेवटी दगडाचा एक हात द्यायचा, हे मला माझ्या उस्तादानं शिकवलं होतं. आता तसं कोणी करत नाही. मी करतो. मी अजून करतो आहे, वाडीला, ओमप्रकाशच्या गोदामात, मंगळवारी आणि शुक्रवारी.

गेल्या दिवाळीनंतर तो घरी आला होता. "रुपरावजी, तुमच्यासारखा हात नागपुरात कोणाचा नाही." मी फुगलो. घरात बसून बसून मला कोणी विचारत नव्हतं, काकू भाजी आणायला पाठवायची आणि तीही वाईट आणली म्हणायची. डॉक्टर नाही म्हणाला होता तरी मी गेलो. माझी हिऱ्याची, धार लावायची चाकं घेऊन गेलो. तो कारखान्यांमधली वापरलेली टूल्स आणायचा, काळी, जांभळी, धार मेलेली. म्हणायचा, गिऱ्हाइकांनी धार लावायला दिलीत, परत करायचीत. मी धार लावायचो. पुढे ती कुठेतरी सोनेरी थर चढवायला जायची. म्हणाला, आपला माल ओळखू यावा म्हणून पिवळा करतो.

मी जन्मभर हेच काम केलं. जुना थर आम्लानं पूर्ण उतरवल्याशिवाय नवा चढवला तर तो कामात पापुद्र्यासारखा निघतो, हे मला शेंबड्या वयापासून माहीत आहे. गोदामाच्या कोपऱ्यात नव्या डब्यांची चळत होती, नव्या स्टिकरांची. मी तिकडे बघितलं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर चहा बंद झाला असता, आणि "रुपरावजी" म्हणणंही.

तू लिहिलंस तेव्हा मी सोनेरी टूलची बाजू घेतली. ते डिप्लोमाविरुद्ध नव्हतं, मी त्या पिवळ्या रंगावर पोसला जात होतो. आणि ज्याचा हात माझ्याहून चांगला त्याच्यावर मी अंगण वाकडं म्हणून बोट ठेवलं. नाचता मला येत नव्हतं.

पार्सल आलं त्या शुक्रवारी मी ओमप्रकाशला विचारलं. तो खर्रा घोळवत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आता कायले विचारून राहिले काका? इतके दिवस मजेत होते ना?" आणि माझ्या पायाजवळ थुंकला. माझ्या अंगावर नाही, पायाजवळ. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. मी त्याच्यापेक्षा वेगळा कुठे होतो? तरी पुढेही मी तिथे जात राहिलो, कारण घरी काय सांगायचं ते ठरत नव्हतं. आणि तुला मी ते घाणेरडं पत्र लिहिलं.

खंडेनवमीला तुमच्या शेडमध्ये हत्यारांची पूजा असते, शेजारच्या शेडमधलेही प्रसादाला येतात. आपण पूजेतले नाही, पण त्या दिवशी मी येतो. अंकुशला बोलाव. काही बोलू नको, नुसतं बोलाव. हाताचं ग्राइंडर चालू असेल असं बघ.

काकूला मी आज सांगितलं. ती काही बोलली नाही. जेवण वाढून ठेवलं आणि आत गेली.

काका


नागपूर, ३ ऑक्टोबर २०२५

काका, जयभीम.

काल दीक्षाभूमीच्या गर्दीत तुम्हाला शोधत होते, सापडला नाहीत. परवा तुम्ही जे केलंत ते सगळ्यांनी पाहिलं, पण जे बोललं गेलं ते तुम्हाला ऐकू आलं नाही. म्हणून लिहिते. सगळं लिहिते, गोड असो की कडू.

साहेबांनी पूजेच्या ताटात सोनेरी टूल्स मांडली होती, हे तुम्ही पाहिलंत. पुजाऱ्यानं हळद वाहिली तेव्हा अंकुश मागून हळूच म्हणाला, "आधीच पिवळं हाय, वरतून हळद कायले?" दोघं-तिघं हसले. तेव्हाच तुम्ही पुढे गेलात, ताटातलं एक टूल उचललंत आणि ग्राइंडरवर तिरपं धरलंत. साहेब "अरे, अरे, पूजेचं हाय ते" करत राहिले.

तुम्ही टूल फिरवून दाखवलंत तेव्हा मीही पहिल्यांदा पाहिलं. वर पिवळी रेघ, तिच्याखाली काळी रेघ, मग राखाडी कार्बाइड. एका अंगावर दोन माणसांचे कपडे. ते बघून मला जी शिसारी आली ती कूलंटच्या वासानंही आली नव्हती. मग तुम्ही बोललात. काका, ऐकू येत नसल्यामुळे तुम्ही किती मोठ्यानं बोलता हे तुम्हाला माहीत नाही. कॉम्प्रेसर चालू होता, तरी रस्त्यापलीकडच्या शेडपर्यंत ऐकू गेलं. "हे टूल नवं नाही. जुनं हाय. माह्या हातानं घासलं हाय. या माणसाचा हात चुकला नाही, माहा चुकला." आणि तुम्ही अंकुशच्या खांद्यावर हात ठेवलात. मोडकी टूल्स त्याच्या ओंजळीत ओतली होती तेव्हा जे जे तिथे उभे होते, ते सगळे परवाही तिथेच होते.

आता कडू. साहेब हसले, ते तुम्ही पाहिलंत. म्हणाले काय, ते सांगते. "काकाजी, मले मालूमच होतं. ओमप्रकाश तितक्या भावात नवं कुठून देईन? दिसते नवं, बस झालं. मोडलं तं ऑपरेटर बदलता येते." हे ते सगळ्यांसमोर बोलले, लाज नाही, शरम नाही, कपाळावर कुंकू लावून. माहीत असून त्यांनी अंकुशला तसं हाकललं. मग तुमच्या हातावर पेढा ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "घ्या, म्हाताऱ्याले गोड बोलून लावून द्या आता." आणि तुम्ही हात जोडलेत, काका. तुम्हाला वाटलं ते मान देताहेत. तुम्ही त्या माणसाला हात जोडून पेढा घेतलात. ते मला सहन होत नाही, म्हणून हे सांगते आहे. राग आला तर माझ्यावर काढा.

तुम्ही निघून गेल्यावर साहेब अंकुशला म्हणाले, "ये उद्यापासून." अंकुश म्हणाला, "नाही येत साहेब. माहं नाव साफ करायले आलतो, ते झालं." पलीकडच्या शेडचे फोरमन प्रसादाला आले होते. त्यांनी सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "सोमवारी ये. आमच्याकडे काळं टूल हाय, चालते ना तुले?"

टूलवर माझी सही लागते, नव्या मालाच्या तपासणीची. आज सकाळी ओमप्रकाशच्या नव्या डब्या आल्या. मी सही केली नाही. साहेब म्हणाले, विचार करून सांग. केलाय विचार.

तुमची उन्नती


सावनेर, ८ ऑक्टोबर २०२५

उन्नती, जयभीम.

कान गेलेत माझे, डोळे शाबूत आहेत. हसणाऱ्या तोंडाकडे बघून शब्द कळत नाहीत, पण माणूस कळतो. हात मी जोडले ते अंकुशला जोडले होते, तो साहेबाच्या मागे उभा होता. तू बाजूला होतीस, तुला साहेबच दिसला.

पेढा मी खाल्ला नाही. खिशात टाकला आणि सावनेरची बस न धरता वाडीला गेलो. ओमप्रकाश गोदामात बसला होता. त्याच्यासमोर मशीनवरची माझी चाकं काढली, एक एक करून रुमालात बांधली.  शेवटी पेढा त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, तुझ्या साहेबाकडून आला आहे, त्याला सगळं माहीत होतं हे त्याच्या हसण्यावरूनच कळलं.

मला वाटलं होतं तो लाजेल, निदान रागावेल. त्यानं खर्रा थुंकला, तोंड पुसलं आणि पेढा खाल्ला.

काकू आता बोलायला लागली आहे, शिव्यांपासून सुरुवात केली आहे. तुझी नोकरी गेली तर इकडे ये, जागा आहे. पण आधी हे कळव की अंकुश सोमवारी गेला का, आणि त्याला तिथे काय नावानं हाक मारतात.

काका